पट 511 आणि जमा 10 लाख: हायस्कूलचं पुढं काय करायचं?

बी-204: सर, नमस्कार. आमच्या शिक्षण संस्थेची रविवारी सभा आहे. शाळा शहराच्या पूर्व भागातली, अनुदानित, पाचवी ते दहावी. यंदाचा पट असा: पाचवी 62, सहावी 66, सातवी 71, आठवी 98, नववी 104, दहावी 110. एकूण 511. जमा 10 लाख आहेत. निम्मे लोक स्मार्ट बोर्ड म्हणायलेत, निम्मे इंग्रजी माध्यम काढू म्हणायलेत. इथं शाळेतली माणसं बरीच आहेत, म्हणून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरच विचारतो.

ए-101 सर: एकूण आकडा सोडा, वर्गवार बघा. सातवी 71 आणि आठवी 98. म्हणजे 25-30 मुलं आठवीला बाहेरून येतात. ही सातवीपर्यंतच्या शाळांतली मुलं. त्या शाळांनी आठवीचा वर्ग जोडला की ही आवक बंद. मग आज पाचवीत असलेले 62 पाच वर्षांनी दहावीत बसतील, 110 च्या जागी 62. पाचवी तेवढीच राहिली तर सगळी शाळा 372 वर येते. वरचे वर्ग भरलेले दिसतात म्हणून समितीला कळत नाही, तुकडी गेली की मग धावपळ.

बी-204: पाचवी का आटली पण?

ए-101 सर: आरटीईनं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानं, पाचवी प्राथमिकला धरली. पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी असे टप्पे. चौथीपर्यंतच्या बऱ्याच शाळांनी पाचवी जोडली, पोरगं तिथंच थांबतं. तुमचे शिक्षक प्रवेशाला घरोघरी कधी फिरतात?

बी-204: मे महिन्यात.

ए-101 सर: मेमध्ये निम्मी घरं गावाला असतात आणि उरलेल्यांचं ठरून गेलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत जा. तुमच्या भागात तेलुगू आणि कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. तिथली मुलं मराठी बोलतात, पण गणितातले ‘छेद’, ‘अवयव’, ‘परिमिती’ हे शब्द त्यांनी ऐकलेले नसतात. जूनमध्ये रोज एक तास, सहा आठवडे, नुसत्या गणित-विज्ञानाच्या शब्दांचा वर्ग घ्या. फळ्यावर मराठी, तेलुगू, इंग्रजी असे तीन रकाने. हे नसेल तर पहिल्या चाचणीत मूल आपटतं आणि दिवाळीनंतर दाखला मागायला पालक दारात.

सी-303 ताई: मुलं आणली तरी काम संपत नाही ओ. संच मान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यात आधार जुळलेलीच मुलं. वर्गात 62 बसलीत आणि पोर्टलवर 55 दिसतात, असं सर्रास होतं.

बी-204: ते का होतं ताई?

सी-303 ताई: तीन कारणं. नाव: तेलुगू घरांत आधारवर आडनाव आधी, नाहीतर वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. जन्मतारीख: आधारवर 1 जानेवारी टाकलेली. तिसरं, मूल यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर, जुन्या शाळेतच अडकलेलं. जुनी शाळा सोडत नाही तोवर ते ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, येत नाही आणि तुम्हाला पेन नंबर (मुलाचा कायमचा नोंदणी नंबर) टाकून ओढता येत नाही. जुन्या शाळेचा पट घटतो ना, म्हणून तिथं घाई कुणालाच नसते. दाखला आणतानाच पेन नंबर लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात मागणी टाका.

सी-303 ताई: दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी जन्माचा दाखला, त्यावरून आधार, मग पोर्टल. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या दाखल-नोंदीच्या वहीत, परस्पर खाडाखोड करायची नाही. तिथली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं, तीही मूल शाळेत असतानाच करून घ्या. जुलैत शाळेतच आधार शिबिर लावा. सप्टेंबरात सेंटरवर रांगा आणि सर्व्हर ढिम्म.

सेक्रेटरी: मध्येच सांगतो, उद्या पाणी येणार नाही, टँकर सांगितलाय. चालू द्या.

ए-402: पाण्यावरून आठवलं. शाळेची टाकी केवढी आहे?

बी-204: वर 5 हजार लिटरची.

ए-402: स्मार्ट बोर्ड राहू द्या, आधी हे. दिवसाच्या शाळेला माणशी 45 लिटरचं मानक आहे, पण काटकसरीनं 15 धरा. 511 ला रोज साडेसात हजार. आपल्याकडं पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही. चार दिवसांचा साठा म्हणजे 30 हजार. जमिनीखाली 4 बाय 3 मीटर, खोली 3 मीटर, वरचे 30 सेंमी मोकळे सोडले तर 32 हजार 400 लिटर बसतात. वरच्या स्लॅबवर अजून टाक्या चढवू नका. 5 हजार लिटर म्हणजे 5 टन. जुन्या स्लॅबच्या मधोमध नाही, कॉलमवरच्या बीमवर ठेवायचं. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसलं की आठवीपुढच्या मुली महिन्यातले काही दिवस घरीच बसतात. हजेरीत ते दिसतं.

ए-402: पत्र्याच्या खोल्या असतील तर पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग, दोन हात. आधी स्क्रूचे कुजलेले वॉशर बदला, नाहीतर रंग चकचकीत आणि पावसात बाकांवर ठिपके.

बी-105: इंग्रजी माध्यमाचा हिशोब मी मांडतो. पाचवीला इंग्रजी माध्यमात कोण येणार? ती गर्दी ज्युनिअर केजीलाच वळते. तिथून सुरू केलं तर पहिली दहावीची बॅच 12 वर्षांनी. 25 मुलं, फी 15 हजार, झाले 3 लाख 75 हजार. दोन शिक्षिका महिना 12 हजारांवर: 2 लाख 88 हजार. मावशी 6 हजारांवर: 72 हजार. एकूण 3 लाख 60 हजार. वीज, बाकं, खेळणी अजून धरलीच नाहीत आणि दरवर्षी एक वर्ग, एक खोली वाढणार. 10 लाख कधी संपले कळणार नाही. त्यात अनुदानित शिक्षक तिकडं तासाला पाठवायचा मोह होतो. चौकशी लागली की मग अवघड.

ए-101 सर: त्यापेक्षा सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीतून. पण दोन गणित-विज्ञान शिक्षक पक्के असतील तरच. इथं निवृत्तीचा तक्ता लागतो. प्रत्येक शिक्षकाचं नाव, विषय, 58 कधी पूर्ण होतात, एका कागदावर. गणिताचे दोघे एकाच वर्षी जाणार असतील तर आजच हालचाल करा. बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं त्याची यादी) मागासवर्ग कक्षाकडून तपासलेली नसेल तर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात पुढं सरकत नाही आणि तेवढ्यात दोन वर्षं तासिकेवर भागवावं लागतं.

ए-101 सर: आणि एक खटकणारं सांगतो. शंभर टक्के निकालासाठी नववीतच कच्च्या मुलांना 17 नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून दहावीला बसायची, वाट दाखवू नका. मुलाचं नुकसान आहेच, वर तुम्ही स्वतःच्या हातानं नववी-दहावीचा पट कमी करता. बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, म्हणजे चांगले पाच विषयच टक्क्यांना धरतात, अंतर्गत 20 गुण आहेत. 35 पर्यंत न्यायचं काम शाळेचंच की.

सी-303 ताई: एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आठवीची मुलं बसवता का? नववी ते बारावी वर्षाला 12 हजार मिळतात, शाळा अनुदानित असल्यानं तुमची मुलं पात्र. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती वेगळी, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. अर्ज भरले जातात, पण शाळेच्या लॉगिनवर पडताळणीच करत नाहीत, तारीख निघून जाते. दुसरी अडचण खातं आधारशी न जोडल्याची. पालक हे बघून शाळा निवडतात, स्मार्ट बोर्ड बघून नाही.

बी-204: मग 10 लाखांचं वाटप कसं मांडू?

बी-105: टाकी आणि स्वच्छतागृह पहिलं. मग छप्पर. उरले तर 5 किलोवॅट सोलर. साधारण 500 चौरस फूट जागा, रोज 20 युनिटच्या आसपास. नेट मीटर असलं की मे महिन्यातली जादा वीज पुढच्या बिलात वळती होते, हिशोब मार्चअखेर मिटतो. वेतनेतर अनुदानाच्या, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चाच्या सरकारी पैशाच्या, भरवशावर बिलं ठेवू नका. तिन्ही कामांची तीन-तीन दरपत्रकं सभेपुढं ठेवा.

ए-101 सर: एक स्मार्ट बोर्ड घ्या हवं तर, विज्ञानाच्या खोलीत. सहा घेऊन पाच कपाटाआड जातात.

बी-204: ठीक. शनिवारी संध्याकाळी क्लब हाऊसला बसू का, सर? तक्ता करून आणतो.

सी-303 ताई: नुसता पट नका आणू. आठवीला बाहेरून आलेली मुलं कोणत्या शाळांतली, ते दाखल्यांवरून उतरवून आणा. मागच्या तीन वर्षांचं. त्यातल्या कुणी आठवी जोडलीय ते मी यू-डायसवर बघते.