पोटाच्या ऑपरेशननंतर मॅग्नेशियम १.१, आता गोळी घेतली की पिशवी पाण्यासारखी भरते

काजूबाग_वेंगुर्ला
नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे. आषाढात आतड्याला पीळ पडला, काळं पडलेलं दोन-अडीच फूट लहान आतडं काढावं लागलं आणि पोटावर इलिओस्टोमीची पिशवी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढतात, त्यातून येणारं हिच्यात जमा होतं) आली. सहा दिवस नाकातून नळी, हिरवं पाणी सारखं बाहेर. पोटॅशियम २.८. सलाइनमधून देत होते, पण तीन दिवस आकडा हलेना. मग एका सकाळी बीपीचा पट्टा आवळला तशी त्या हाताची बोटं आपोआप जुळून चिमटीत रांगोळी धरल्यासारखी ताठ झाली. बाबा म्हणाले, "माझो हात असो कित्याक करता?" त्या दिवशी पहिल्यांदा मॅग्नेशियम तपासलं: १.१. ते द्यायला लागल्यावर दोन दिवसांत पोटॅशियमही वर सरकलं. आधी का नाही तपासलंत, विचारलं तर "रुटीनमध्ये नसतं." राग अजून गेलेला नाही, पण असो.

घरी आलो तेव्हा १.८ होतं, आठ दिवसांत पुन्हा १.४. गोळ्या दिल्यात, त्या घेतल्या की पिशवी नुसती पाण्याने भरते. आई म्हणते गोळ्या बंद कर, नाचणीची आंबील नि शहाळं दे. ऐकू का तिचं?

निवृत्त_सिस्टर
ताई, मी ३१ वर्षं सर्जरी वॉर्डात काढली. गोळ्या मनाने बंद करू नका, उद्या सर्जनना फोन करा.

१.८ बघून सगळे खूश होतात, पण शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी रक्तात जेमतेम एक टक्का असतं, बाकी हाडांत नि पेशींत. रक्तातलं भरलं म्हणजे कोठार भरलं असं नाही. बाबांचं तर चहूकडून गेलंय: नळीतून, पिशवीतून, शिवाय साध्या सलाइनमध्ये ते नसतंच. आणि ते कमी असलं की मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही. वरून ओता, खालून गळतं.

मॅगसल्फ, म्हणजे शिरेतून द्यायचं मॅग्नेशियम, आम्ही सावकाशच सोडायचो, घाई केली की बरंचसं लघवीत जातं. लेबर रूममध्ये फिट आलेल्या बायांनाही हेच देतात. तिथे गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं. उडेना तर औषध जास्त झालं.

तोंडाने मॅग्नेशियम म्हणजे जुलाब, हे खरंच. एकदम देण्याऐवजी थोडं थोडं विभागून चालेल का, ते विचारा. क्रिएटिनिन किती आहे? मूत्रपिंड मंद असेल तर ते उलट साठतं. आणि रोज सकाळी पँटोप्राझोल, ती ॲसिडिटीची गोळी, चालू आहे का? महिनोन्‌महिने घेतली तर तीही मॅग्नेशियम खाली आणते.

पिशवीवाला_गुहागर
माझी पिशवी दीड वर्ष होती. पहिलं काम, मापाचा मग आणा आणि २४ तासांत किती येतं ते वहीत लिहा. दीड लिटरच्या वर जात असेल तर फोनवर तेच आधी सांगा. "खूप येतं" म्हटलं की डॉक्टरला काही कळत नाही.

तहान लागते म्हणून तांबेच्या तांबे साधं पाणी पाजू नका, त्याने उलट जास्त वाहतं. ओआरएस घोट घोट. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण मीठ कमी, त्यावर भिस्त ठेवू नका. आंबील गाळून द्या, पण १.४ ला ती पुरणार नाही. आणि खोबरं, अख्खे काजू सध्या नकोत. मी नारळी भाताच्या दिवशी पिशवीचं तोंड तुंबवून घेतलंय, परत नको.

काजूबाग_वेंगुर्ला
मोजलं. १९०० मिली! आकडा ऐकताच सर्जनचा सूरच बदलला. क्रिएटिनिन ठीक आहे. गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून जेवणाबरोबर, पिशवी मंदावायला जेवणाआधी लोपेरामाइड. पँटोप्राझोल गेली चार वर्षं चालू होती, तीही बंद केली. मंगळवारी कुडाळला रक्त द्यायचंय, मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम तिन्ही. या वेळी चिठ्ठीवर मीच लिहून घेतलं.

आईचा तांब्या लपवलाय. आता चतुर्थी तोंडावर आलीय आणि बाबा मोदकांचं विचारतायत. सारण काढून नुसती उकड दिली तर चालेल ना, सिस्टर?