विशाखाची पहिली आवृत्ती मिळाली, आत भेटीचा मजकूर आहे, मूळ मालक कसा शोधायचा?

पुस्तककिडा
मंडळी, रद्दीच्या दुकानात कुसुमाग्रजांची विशाखा मिळाली, 1942 ची! पुठ्ठा सुटलाय, कडा कसरीने खाल्ल्यात पण कविता सगळ्या शाबूत. कोऱ्या पानावर निळ्या शाईत 'चि. सौ. शांतास सप्रेम भेट, दादा, विजयादशमी शके 1866' आणि खाली जांभळा गोल शिक्का, त्यातलं फक्त 'वाचनालय' वाचता येतं. बाइंडर म्हणतो हे पान काढून नवीन घालू. मला तर ही शांता कोण तेच शोधायचंय. सुरुवात कुठून करू?

जुनंपान
पान अजिबात काढू देऊ नका!! आणि कडांचं कटिंग पण नको, समासात कुणी पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर तेही जातं. सेलोटेप तर लावूच नका, जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाची खळ वापरणारा माणूस गाठा. आता आवृत्तीचं, विशाखा आधी वि. स. खांडेकरांनी स्वतः पैसे घालून छापली होती, त्यामुळे प्रकाशक म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव असेल तर ती नंतरची आवृत्ती असू शकते. शके 1866 चा दसरा म्हणजे 78 मिळवून 1944 (जानेवारी ते पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर 79 मिळवायचे). 'चि. सौ.' म्हणजे लग्न झालेली, देणाऱ्यापेक्षा लहान. दादा थोरला भाऊ असेल किंवा वडील, आपल्याकडे वडिलांनाही दादा म्हणतातच की.

ग्रंथपाल_ताई
शिक्क्यावर मोबाईलचा टॉर्च आडवा धरून फोटो काढा आणि मग झूम करा, पुसट अक्षरं बरीच उठतात. बरीच वाचनालयं मधल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात तेव्हा सगळी पानं उलटून बघा. दाखल नंबर (पुस्तक वाचनालयात नोंदवताना दिलेला) सापडला तर निम्मं काम झालं, कारण दाखल रजिस्टरमध्ये पुस्तक विकत घेतलं की देणगी आलं ते असतं, देणगी असेल तर बहुतेक देणाऱ्याचं नावही. 'बाद' (म्हणजे वाचनालयाने काढून टाकलेलं) असा शिक्का नसेल तर आधी त्यांनाच विचारा, पुस्तक अजून त्यांचं असू शकतं.

पुस्तककिडा
ताई, सापडला! मधल्या पानावर शिक्का एकदम स्वच्छ आहे, गावाचं नावसुद्धा, नंबर शाईने लिहिलाय. 'बाद' कुठेच नाही. नाव इथे टाकू का?

ग्रंथपाल_ताई
गावाचं टाका, पण रजिस्टरमधून घराण्याचं नाव कळलं तर ते नको, त्यांना आधी पत्र लिहा. वाचनालयाला शिक्क्याचा आणि भेटीच्या पानाचा, दोन्ही फोटो पाठवा.

पुस्तककिडा
आजच पाठवतो. त्यांनी पुस्तक परत मागितलं तर देऊन टाकणार, फक्त ते पान आहे तसं ठेवा एवढं सांगेन.