कामगार संहिता संसदेत रीतसर मंजूर झाली का?

प्रश्न (वणी तालुका): आमच्या जिनिंगमध्ये रेच्यावरचे (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावरचे) कामगार यावरून पक्षनिहाय भांडतात. संप, कामगारकपात यांचे नियम ठरवणारी औद्योगिक संबंध संहिता चर्चेविना लादली गेली, की विरोधकांनीच सभागृह सोडले?

उत्तर 1: भाऊ, दोन्ही गोष्टी घडल्या. 2019 चे विधेयक संसदेच्या स्थायी समितीने तपासले होते. परंतु ते मागे घेऊन सप्टेंबर 2020 मध्ये आणलेले नवे विधेयक पुन्हा समितीकडे न पाठवता 22 व 23 सप्टेंबरला, विरोधकांचा बहिष्कार असताना, मंजूर झाले. बहिष्कार होता म्हणून छाननी टाळणे समर्थनीय ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर 2: कामगारकपातीआधी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर नेण्याची शिफारस समितीचीच होती, हेही सांगायला हवे.

उत्तर 3: जिथे शंभरही कामगार नाहीत, तिथे ती परवानगी पूर्वीही लागत नव्हती. आपल्यासाठी खरा प्रश्न संपाच्या नोटिशीचा आहे. पूर्वी केंद्रीय कायद्याने ती रेल्वे, वीज, पाणी अशा लोकोपयोगी सेवांपुरती सक्तीची होती; महाराष्ट्रात मात्र 1971 च्या राज्य कायद्याने इतर उद्योगांतही 14 दिवसांची नोटीस लागत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेनुसार आता देशभर प्रत्येक आस्थापनेत ती 14 दिवस आधी द्यावी लागते, आणि कापसाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांना आधी याबद्दल विचारा.