मदत हवी आहे: सबस्टॉर्म चालू असताना रिओमीटरचं शोषण ऋण कसं येतं?

रात्रपाळी: दोन दिवस अडकलोय. रिओमीटर म्हणजे आकाशातून येणारा रेडिओ गोंगाट मोजणारं यंत्र, वरच्या वातावरणात तो किती शोषला गेला ते त्यावरून काढतोय. मॅग्नेटोमीटरवर सबस्टॉर्म (पृथ्वीच्या चुंबकावरणातली अचानक उलथापालथ) स्पष्ट दिसतोय, 21:30 च्या सुमारास चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं. म्हणजे वरून इलेक्ट्रॉन आले असणार, शोषण वाढायलाच हवं. माझ्याकडे संध्याकाळभर उणे 0.3 डेसिबल आणि ऐन सबस्टॉर्ममध्ये जेमतेम 0.1. सूत्र तपासलंय. यावरून पुढे आयनीकरण काढायचंय, उणे आकड्याचं काय करू? लवकर सांगा.

ध्रुवतारा: ठाणं कुठलं? वारंवारता? महिना? 30 आणि 38.2 मेगाहर्ट्झचे डेसिबल सारखे नसतात, शोषण साधारण वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. गुणोत्तरात शांत दिवसाची, म्हणजे शोषण नसतानाची, शक्ती वर आणि आजची खाली घेतलीय ना?

कणाद: रिओमीटर सोडा हो. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या ध्रुवीय उपग्रहांची मोजणी घ्या. 30, 100 आणि 300 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे इलेक्ट्रॉन थेट मोजलेले मिळतात. माझं सगळं काम त्यावरच झालं.

तरंग: थेट कसले? वर रोखलेला शोधक लॉस कोनचा (ज्या दिशांतले इलेक्ट्रॉन वातावरणात पडतात त्याचा) एक तुकडाच बघतो, वर्षाव कमजोर असला की फारच कमी मोजतो. त्यात प्रोटॉनही इलेक्ट्रॉनांच्या खात्यात जमा होतात. आणि उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. रिओमीटर रात्रभर तिथेच असतो.

कणाद: प्रोटॉनची दुरुस्ती करता येते. रिओमीटर ऊर्जा सांगतो का? शोषण 40 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवाल्यांमुळे झालं की 200 वाल्यांमुळे, हे एका वारंवारतेवरून सांगून दाखवा.

हिरवळ: ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा रंग ऑक्सिजनचा, 557.7 नॅनोमीटर, साधारण 110 किलोमीटरवर. लाल त्याच्याही बराच वर.

तरंग: हिरवळ, तो प्रकाश पाडणारे इलेक्ट्रॉन बहुतेक 1 ते 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. इथे विषय 30 च्या वरच्यांचा आहे. ते 90 किलोमीटरच्या आसपास आणि त्याखाली उतरतात, 100 वाले 80 पर्यंत.

रात्रपाळी: रंग नकोय मला! किल्पिस्यार्वी (उत्तर फिनलंड), 38.2 मेगाहर्ट्झ, अँटेनाचा मधला बीम, डिसेंबरचा पहिला आठवडा. गुणोत्तर बरोबर आहे.

शंकासुर: सूर्याचा रेडिओ स्फोट असेल. त्याने गोंगाट वाढतो आणि शोषण ऋण दिसतं.

तरंग: दिवसा असतं तर मान्य. डिसेंबरात रात्री 69 अंशांवर सूर्य कुठून आणणार?

ध्रुवतारा: शांत दिवस कुठला घेतला, ते सांगा आधी.

रात्रपाळी: त्या आठवड्यात धड शांत दिवसच नव्हता, म्हणून 21 दिवस पुढचा घेतला. त्याने काय होतंय? हो, सकाळी उलटं दिसतं, काही घडत नसताना अधिक 0.3.

ध्रुवतारा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. रिओमीटर आकाशगंगेचा गोंगाट ऐकतो, आणि आकाश घड्याळाने नाही, नाक्षत्र काळाने फिरतं. तेच आकाश रोज सुमारे 4 मिनिटं आधी येतं. 21 दिवसांत 83 मिनिटं. तुमचा शांत दिवसाचा वक्र तेवढा आधी उतरतो, म्हणून संध्याकाळी खरा गोंगाट वक्राच्या वर राहतो आणि शोषण ऋण येतं. सकाळी वक्र आधी चढतो, तिथे खोटं शोषण. वक्र 83 मिनिटं पुढे सरकवा. एकाच दिवसावर विसंबूही नका, शांत दिवस चार-पाच घ्या आणि नाक्षत्र वेळेवर लावून एकत्र करा.

कणाद: तरी ऊर्जेचा प्रश्न उरतोच.

रात्रपाळी: सरकवला. संध्याकाळ शून्यावर आली, सबस्टॉर्मला 0.4 मिळालं. ध्रुवतारा, मनापासून आभार. सकाळचा फुगवटाही गेला, पण 4 च्या सुमारास 0.6 उरलंय आणि तिथे मॅग्नेटोमीटर जवळजवळ सपाट आहे. आता हे काय?

तरंग: ते खरं असू शकतं. मध्यरात्रीच्या बाजूला आत ढकललेले इलेक्ट्रॉन पूर्वेकडे वाहतात आणि पहाटेच्या बाजूला कोरस लहरी (चुंबकावरणातल्या रेडिओ लहरी) त्यांना वातावरणात पाडतात. त्या वेळी तुमचं ठाणं तिकडे आलेलं असतं. पश्चिमेकडच्या, मध्यरात्रीखालच्या ठाण्याचा मॅग्नेटोमीटर बघा, 4 च्या थोडं आधी तिथे घसरण आहे का?

रात्रपाळी: उतरवून घेतोय, थांबा.