मदत हवी आहे: एकच माती शेतीला ‘वर्ग २’ आणि बांधकामाला नापास, नकाशात काय दाखवू?

मृद सर्वेक्षणाच्या नोंदींवरून एका छोट्या पाणलोटाचा जमीन-वापर नकाशा करतोय. दोन ठिकाणी गाडी अडलीय.

सपाटीला खोल काळी माती आहे. चिकण ५५ टक्के, उतार १ टक्का. जमिनीची कुवत ठरवणाऱ्या अमेरिकी आठ वर्गांच्या पद्धतीत (१ सर्वांत चांगला, ८ सर्वांत अडचणीचा) मी ती वर्ग २ मध्ये टाकली. निचरा मंद, नाहीतर पहिलाच वर्ग दिला असता. पण माती तपासायला खणलेल्या खड्ड्यात मीटरभर खोल भेगा दिसतात. ढेकूळ फोडलं की आत तिरप्या, घासून चकचकीत झालेल्या बाजू. म्हणजे फुगणारी-आकसणारी माती. पाया घालायला वाईट, शोषखड्ड्यालाही वाईट. मग एका रंगात दाखवायचं काय?

दुसरं, उतारावर ३५ सेंमी माती आणि खाली मुरूम. सहकारी म्हणतो प्रत्येक गुणधर्माला मार्क दे, सरासरी काढ. सरासरीत ती जमीन चक्क ‘मध्यम’ येते! पटत नाही.

प्रतिसाद १
सरासरी विसरा. पोत आणि सामू (आम्ल-विम्लता) कितीही छान असले तरी मुळांना त्यामुळे खोली मिळत नाही. आठ वर्गांत सर्वांत अडचणीचा गुणधर्मच वर्ग ठरवतो. आकडाच हवा असेल तर स्टोरी निर्देशांकासारखा (जमिनीच्या घटकांचे टक्के एकमेकांशी गुणून काढलेला गुण) गुणाकार करा: खोलीला ४० टक्के, बाकी दोन घटकांना ९०-९० दिले तरी उत्तर ३२ च्या आसपास. खोट लपत नाही.

काळ्या मातीचं म्हणाल तर एक रंग पुरणारच नाही. ते आठ वर्ग मुळात शेती, कुरण, वन यांच्यासाठी आहेत. पायाबद्दल ते काही बोलत नाहीत. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) १९७६ च्या जमीन-मूल्यमापन चौकटीत आधी उपयोग ठरतो, मग योग्यता. नकाशात प्रत्येक उपयोगाचा वेगळा थर करा. बांधकामाच्या थराला द्रवता मर्यादा (किती टक्के पाण्याला माती द्रवासारखी वाहू लागते) तपासून घ्या. ५० च्या वर गेली तर अभियंते तिला जास्त लवचिकतेची चिकणमाती म्हणतात.

आणि वर्ग ५ जपून वापरा. वर्ग ४ पेक्षा जास्त धुपणारी जमीन असा त्याचा अर्थ नाही. सपाट, पण दलदलीची किंवा दगडगोट्यांची जमीनही तिथेच जाते.

धागाकर्ता
आभार. थर वेगळे करतो. मुरमात मुळं थोडीफार शिरतात, मग खोली ३५ च धरायची की मुरमाचा वरचा भुसभुशीत भागही मोजायचा?