जुन्या गाडीच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) वंगण द्यावं की कोरडेच ठेवावेत?

मिरजकर (धागाकर्ता):
१९६६ची फियाट ११०० डिलाइट वडिलांकडून माझ्याकडे आली. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. मागचे दोन्ही पाटे परवा उतरवून सुटे केले आणि तेव्हापासून ओळखीच्या गाडीवाल्यांत दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतो.

माझं मत असं की वंगण हवंच. मधे, सगळ्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या आजूबाजूला पोलाद अजून काळंभोर आहे, नव्यासारखं. पण खालच्या प्रत्येक पट्टीचं टोक जिथे वरच्या पट्टीला टेकतं, तिथे नख अडकेल एवढी खोबण, आणि खोबणीत विटकरी पूड. पाटा दबला की पट्ट्या एकमेकींवरून सरकतात. मधे जवळजवळ नाहीच, टोकाला सगळ्यात जास्त. दाबही टोकावरच येतो. चीर जायला सुरुवात अशाच खोबणीतून होते. मी वायर ब्रश आणि पॉलिश पेपर मारला, टोकांच्या धारा ग्राइंडरने मोडल्या, ग्रॅफाइट ग्रीसचा अगदी पातळ हात दिला आणि परत बांधले. मागची कुरकुर बंद झाली. 'कोरडेच ठेवा' म्हणणाऱ्यांनी कारणासकट लिहावं.

जतकर:
कारणासकटच लिहितो. माझी अँबॅसिडर जत-उमदी-संख या पट्ट्यात फिरते. पावसाळा सोडला की इथे रस्त्याकडेला नुसती धूळ. ग्रीस लावलेला पाटा आठवडाभरात मातीने माखतो. व्हॉल्व्ह घासून बसवायला आपण पेस्ट वापरतो, ती म्हणजे तरी काय? ग्रीस आणि बारीक खर. तीच पाट्यांच्या मधे भरायची आणि वर म्हणायचं की झीज थांबवली!

दुसरी गोष्ट याहून मोठी. पाट्यांमधलं घर्षण हा दोष नाही, ते काम करतं. शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) सर्रास यायच्या आधी कित्येक मोटारींची उसळी या घर्षणानेच मरायची. नंतर शॉकअप आले तरी ते पाट्यांचं घर्षण हिशेबात धरूनच बसवले गेले. ते घर्षण तुम्ही काढून टाकलं, तर त्याची भरपाई कोण करणार?

मिरजकर:
शॉकअप करणार, ते त्यासाठीच आहेत. कोरड्या पाट्याचं घर्षण आंधळं असतं. बारीक खड्ड्यावर ते पाट्याला हलूच देत नाही, सगळा दणका टायर आणि बॉडी खातात. मोठ्या खड्ड्यात एकदम सुटतं. तेलाच्या शॉकअपचा विरोध हादऱ्याच्या वेगाप्रमाणे कमीजास्त होतो. शिवाय कोरडं घर्षण कायम एकसारखंही राहत नाही: पाऊस पडला की कमी, गंज चढला की जास्त. अशा गोष्टीवर गाडीचा तोल सोपवायचा कशाला?

जतकर:
शॉकअप ठणठणीत असतील तर तुमचं म्हणणं मान्य. पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ते बहुतेक ठिकाणी गळकेच असतात. त्यावर पाटे गुळगुळीत केले की गाडी नावेसारखी डोलते, आणि वळणावर ब्रेक मारल्यावर मागची बाजू हलकी पडते. घरची माणसं बसवून आपण या गाड्या हायवेला नेतो. म्हणून नवख्या माणसाला 'पाट्यांना ग्रीस मार' हा सल्ला मोकळा सोडू नये. आधी शॉकअप, मग बाकी.

मेढ्याचा जीपवाला:
जतकर, तुमची धूळ खरी, तसा आमचा पाऊसही खरा. मेढा-बामणोली भागात जून ते सप्टेंबर गाडी सुकतच नाही. जीपला चारही चाकांवर पाटे, त्यामुळे दुखणंही दुप्पट. कोरड्या पाट्यांत गंज नुसता चढत नाही, तो फुगतो आणि पट्ट्यांत फट पाडतो. फटीत पुन्हा पाणी. तुम्ही झिजेचं बोलताय, आमच्याकडे पाटे कुजतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये चांगल्या मोटारींच्या पाट्यांवर चामड्याची गवसणी चढवून आत ग्रीस भरायचे. म्हणजे वंगण हवं आणि धूळही नको, हे दोन्ही त्यांना कळत होतं. जाड ताडपत्रीची तशी गवसणी शिवून घेता येते. माझ्या पुढच्या पाट्यांवर आहे.

जतकर:
गवसणी फाटली की तीच पाणी धरून ठेवते. आणि आत काय चाललंय ते दिसत नाही, हे मला जास्त खटकतं.

सांगलीवाडीकर:
एक बाजू राहून गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोका पातळी ४५ असताना. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आजही विक्रीला येतात. धुऊन, रंगवून छान दिसतात, पण पाट्यांच्या मधे नदीचा गाळ तसाच असतो, पिठासारखा बारीक. अशा गाडीला बाहेरून तेल मारणं म्हणजे गाळाला आत कायमचं घर देणं. जुनी गाडी घेताना दोन पट्ट्यांमधे पातळ पत्रा घालून ओढून बघा, काय बाहेर येतं ते. गाळ निघाला तर पाटे सुटे केल्याशिवाय वंगणाचा विचारही करू नये.

कुपवाडचा पाटेवाला:
आमचं रोजचं काम हेच, म्हणून लिहितो. तुम्ही ग्रॅफाइटवर भांडताय, पण आमच्याकडं तुटून येणारा मेन पाटा, म्हणजे सगळ्यात लांब पट्टी, बहुतेक वेळा टोकाला तुटलेला नसतोच. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटतो. कारण पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट सैल. पाटे बांधल्यावर थोडी गाडी चालवून यू-बोल्ट परत आवळायचे असतात, ते कुणी आवळत नाही. घर्षण कमी असो की जास्त, त्यानं हे वाचत नाही.

दुसरं म्हणजे सर्व्हिसिंगला जळक्या ऑईलमधे डिझेल मिसळून खालून फवारा मारतात, तो बंद करा. पाट्याला त्याचा उपयोग थोडा आणि रबराचं वाटोळं जास्त. पाट्याच्या टोकातले रबरी बुश तेलानं फुगून मऊ पडतात, मग मागची बाजू वाकडी चालते. जुन्या विलीज जीपला शॅकलमधे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या कडीत) आट्याचे लोखंडी बुश आणि ग्रीस निप्पल आहेत, तिथं ग्रीसगन मारलीच पाहिजे. फियाट, अँबॅसिडरच्या रबरी बुशला तेल-ग्रीस लागू देऊ नका.

मला विचाराल तर धुळीच्या भागात कोरडा ग्रॅफाइटचा रंग मारावा. वाळला की त्याला माती चिकटत नाही.

मिरजकर:
तो टोकाला टिकत नाही ना? सगळ्यात जास्त घासतं तिथूनच आधी उडतो.

कुपवाडचा पाटेवाला:
उडतो. उडाला की परत सोडायचे आणि परत मारायचा. वंगण कुठलंही घ्या, सोडायची तयारी पाहिजे.

जतकर:
हा रंग मी करून बघणार. त्यात माझ्या दोन्ही शंकांपैकी निदान धुळीची तरी मिटते. दादा, पाटे घरी सोडताना काय सांभाळायचं?

कुपवाडचा पाटेवाला:
सेंटर बोल्ट काढायच्या आधी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावा आणि ते हळूहळू सैल करा. पट्ट्यांना ताण असतो, बोल्ट एकदम सुटला तर हात जायबंदी होतो. उलटंपालटं होऊ नये म्हणून खडूनं नंबर घाला. आणि बसवताना बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हातानं लावा. पूर्ण आवळायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यावर. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.