भाचीला लग्नात कोणता दागिना द्यावा? नक्षीचा अर्थ सांगता येईल असा हवाय

फोंड्याची मावशी
नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे. २ तोळ्यांपर्यंत गळ्यातलं काहीतरी करायचं ठरवलंय. ती पुण्याला नोकरीला आहे, पुढेही तिथेच राहणार. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, देशील त्यावर कसली नक्षी आहे ते सांगून दे. आईच्या पाटल्या आल्या माझ्याकडे, पण त्यांवरच्या वेलीचं विचारायला आता आई नाही." माझ्या बहिणीच्या पाटल्या त्या. तेव्हापासून मनाला चैन नाही. कोल्हापुरी साज, पुतळ्यांची माळ आणि बकुळी हार, या तिन्हींत मन अडकलंय. आमचे शेट, म्हणजे सोनार, तिन्ही करून देतात.

साखळीची वहिनी
ताई, सांगण्यासारखं सगळ्यांत जास्त साजात. पूर्ण साजाला २१ पानड्या, म्हणजे ओवलेली छोटी पदकं. दशावतारांच्या १०, अष्टमंगलांच्या ८, माणिक-पाचूच्या २ आणि उरलेला ताईत. मध्ये जवाच्या दाण्यासारखे जवमणी, म्हणजे धान्य घरात भरलेलं राहावं.
पण एक सांगते. माझ्या लग्नात एका दुकानदाराने "पूर्ण साज" म्हणून दिला तो १२ पानड्यांचा निघाला. मुलगी लहान असताना मांडीवर बसून एकेक पान धरून विचारायची. मासा सापडला, कासव सापडलं, नरसिंह काही सापडेना. फार वाईट वाटलं. १२ पानांचा साज वाईट नसतो, पण तसं सांगून द्यायला हवं होतं. तुमच्या २ तोळ्यांत २१ पानं बसवली तर पत्रा फार पातळ येईल. शिवाय आत लाख असते, तिचं वजन सोन्यात धरू देऊ नका, बिलावर वेगळं लिहून घ्या.

म्हापशाचे काका
पुतळीची गोष्ट आपल्या किनाऱ्याला जवळची आहे. व्हेनिसमध्ये १२८४ पासून सोन्याचं डुकाट नाणं पाडत. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. व्यापाऱ्यांबरोबर ते इकडे आलं आणि त्यावरच्या आकृत्यांमुळे लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. पुढे आपल्या सोनारांनी त्यावर आपले देव आणले. मुलीला इतिहासाची आवड असेल तर हीच द्या. काहीही घेतलंत तरी हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघून घ्या.

केरी, सत्तरी
मावशी, मी बकुळी हारच सांगेन. तुम्ही गोव्यातल्या, ओवळां म्हणजे बकुळीची फुलं तुम्हाला नव्याने काय सांगायची! पहाटे झाडाखाली सडा पडतो, फूल इवलंसं, मधोमध भोक, सुईशिवाय ओवता येतं. देवळाबाहेर माळा विकत घेतो आपण. बाकीची फुलं सुकली की टाकून देतो. ओवळ तपकिरी पडते, चुरगळते, तरी लुगड्यांच्या घडीत वर्षभर वास देते. म्हणून आजी म्हणायची, लेकीला बकुळी हार द्यावा, माहेर सुकलं तरी वास राहतो. ज्या मुलीची आई नाही तिला याहून जवळचं काय द्याल?
आजीचा हार आता माझ्याकडे आहे. फुलं एकमेकांना घासून पाकळ्यांची टोकं गोल झालीत, मागच्या बाजूची तर अगदी गुळगुळीत. करून घेताना टोकं जरा बोथट ठेवायला सांगा, नाहीतर पैठणीचे धागे ओढले जातात.
आणि पाटल्यांवरच्या वेलीचं तुम्हीच सांगू शकता की. ती वंशवेल. आमच्याकडे तिला टोक ठेवत नाहीत, पूर्ण गोल फिरवून जिथून निघाली तिथेच मिळवतात. भाचीला म्हणावं, पाटली हातात फिरवून वेल कुठे संपते ते शोध.

फोंड्याची मावशी
वाचून डोळे भरून आले. काल शेटना बकुळी हार सांगितला, टोकं बोथट ठेवायलाही सांगितलं. वहिनी, काका, तुमचे फार उपकार.
रात्री भाचीला फोन केला. पाटल्या घेऊन दिव्याखाली बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, संपत नाही गं. पण एका ठिकाणी पानांआड बारीकशी कोयरी आहे."
कोयरी म्हणजे भरलेलं घर, पोटात बी असलेलं फळ, हे मला ठाऊक होतं. ते मी लगेच सांगितलं.

केरी, सत्तरी
दुसऱ्या पाटलीवरही त्याच जागी आहे का, बघायला सांगा. जोडी असेल.